स्मूदनिंग सोडल्यानंतरची अडीच वर्षं

फेब्रुवारी 2023 मध्ये मी शेवटचं स्मूदनिंग केलं, म्हणजे पार्लरमध्ये रसायन लावून केस सरळ करून घेतले, आणि जुलै 2025 मध्ये त्यातला शेवटचा सरळ तुकडा कापून झाला. मधल्या काळात डोक्यावर दोन प्रकारचे केस होते, मुळाशी कुरळे आणि खाली सपाट. हा काळ कसा काढायचा ते शोधायला गेलं की 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो मिळायचे. मधलं कोणी सांगतच नव्हतं. म्हणून मधलंच लिहिते आहे.

सरळ केस वाईट आणि कुरळे चांगले, असं माझं काही म्हणणं नाही. मी बरीच वर्षं हौसेने केस सरळ करून घेतले आणि ते मला आवडायचेही. कंटाळा आला तो टच-अपचा. सहा-आठ महिने झाले की मुळाशी उगवलेले केस दिसायला लागायचे आणि पुन्हा अख्खा दिवस खुर्चीत जायचा. शेवटच्या वेळी डोळे आणि घसा दोन्हींची आग झाली. पार्लरमधल्या मुलीला विचारलं, यात नक्की काय आहे गं? तर म्हणाली, "ऑरगॅनिक आहे मॅम." लेबल बघायला मागितलं तर बाटली आतल्या खोलीत होती, आणि ती आतच राहिली.

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की रेटकार्डावर एकाखाली एक लिहिलेल्या या गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. केसाचं वळण केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांमुळे टिकतं. रिबाँडिंगमध्ये आणि बऱ्याचशा स्मूदनिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारखं रसायन हे बंध तोडतं, मग इस्त्री फिरवून केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून बंध त्याच अवस्थेत पुन्हा जोडतात. तो केस नंतर कितीही धुवा, कितीही मास्क लावा, परत कुरळा होत नाही. 'केराटिन' किंवा 'हेअर बोटॉक्स' म्हणून जे करतात त्याचा परिणाम बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरतो. (हेअर बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं, हे जाता जाता.) पण त्यातल्या अनेक उत्पादनांत फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी रसायनं किंवा ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं. फॉर्मॅल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ग्लायॉक्सिलिक ॲसिडच्या क्रीमने केस सरळ केल्यावर मूत्रपिंडाला इजा झाल्याचं उदाहरण 2024 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलं.

तेव्हा पहिलं काम हे, की आपल्या डोक्यावर नक्की काय झालं आहे ते पार्लरकडून काढून घ्यायचं. माझ्या पार्लरच्या नोंदवहीत तारीख, 'स्मूदनिंग लाँग' आणि रक्कम एवढंच होतं, उत्पादनाचं नाव नव्हतं. चार फोन केल्यावर कुठे कळलं की थायोग्लायकोलेटचं स्मूदनिंग आणि वरून केराटिनचा थर असं ते पॅकेज होतं. म्हणजे थर उतरणार होता, पण सरळपणा कापूनच जाणार होता. तुम्ही अजून करून घेत असाल तर निदान डब्यामागच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. पुढे रंग लावायचा असो की डॉक्टरकडे जायचं असो, तोच प्रश्न येतो.

मग निर्णय. एकदाच बॉयकट करून मोकळं व्हायचं, की हळूहळू वाढवत खालून कापत जायचं? डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा. शिवाय कुरळा केस आखडतो. ताणून पंधरा सेंटिमीटर भरणारी बट मोकळी सोडली की माझ्याकडे जेमतेम नऊ-दहा दिसते. म्हणजे वर्षभर थांबूनही दिसायला कानापर्यंतच. हा हिशेब मांडल्यावर बऱ्याच जणी कात्री मागवतात आणि ते शहाणपणाचंच आहे, त्रास एका दिवसात संपतो. मला तेवढे आखूड केस नको होते, म्हणून मी लांबचा रस्ता धरला.

मार्च ते जून 2023 काहीच घडत नाही. भांगाजवळचा भाग थोडा फुगतो आणि लोक विचारतात, "आज केस विंचरले नाहीस का?" एवढंच. दमट हवेत हा फुगवटा वाढतो, कोरड्यात बसतो. या दिवसांत भांग मधोमध न पाडता नागमोडी पाडला की वरचे आणि खालचे केस वेगळे आहेत हे पटकन लक्षात येत नाही. माझा हा भांग दीड वर्ष टिकला.

खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये सुरू झाली. कुरळा भाग सात-आठ सेंटिमीटर झाला होता आणि जिथे तो संपून सरळ भाग सुरू होतो तो सांधा नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागला होता. त्याच सुमाराला कंगव्यात, उशीवर, बेसिनमध्ये, सगळीकडे केस. मी घाबरले. टक्कल पडणार अशी खात्रीच झाली आणि रात्री झोपायच्या आधी कंगव्यातले केस मोजण्याचा नाद लागला. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे सर्वसाधारण मानलं जातं, पण घाबरलेल्या माणसाला असले आकडे समाधान देत नाहीत.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली, ऑक्टोबरच्या मध्याची. फोनवरच सांगितलं होतं, आदल्या दिवशी केस धुवू नका आणि तेल लावू नका. हे पाळा, नाहीतर तपासणीचा अंदाज चुकतो. डॉक्टरांनी पन्नास-साठ केसांचा झुपका बोटांत धरून हलकेच ओढला, असा डोक्यावर तीन-चार ठिकाणी. हाताशी फारसं काही आलं नाही. मग मी घरून पुडीत बांधून नेलेले केस त्यांनी पांढऱ्या कागदावर पसरले आणि भिंगाखाली एक टोक दाखवलं. मुळापासून गळालेल्या केसाच्या टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. माझ्या बहुतेक केसांना ती नव्हती. एका टोकाला नुसता तुटका काठ, ब्रशच्या केसांसारखा पिंजारलेला, आणि लांबी पूर्ण केसाच्या निम्मी. "हे गळत नाहीयेत, तुटतायत," त्या म्हणाल्या.

माझ्यासाठी सगळं इथे बदललं. तोवर मी केस वाढवायच्या मागे लागले होते. पण वाढ मुळात होते, आणि तिथे सगळं सुरळीत चाललं होतं. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो दुरुस्त होत नाही, फक्त सांभाळता येतो. मला सांभाळायचा होता तो एक सांधा, आणि तोही कापायची वेळ येईपर्यंत. बाजारात जे विकलं जातं त्यातलं निम्मं 'केस वाढवण्या'साठी असतं. या काळात त्याचा काहीच उपयोग नाही.

तरी रक्त तपासणी झाली: हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच. फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. यातली एक गोष्ट मात्र ठळक लिहायला हवी. 'केसांच्या गोळ्या' म्हणून आपण जे घेतो त्यात बायोटिन या व्हिटॅमिनची मात्रा मोठी असते आणि त्यामुळे थायरॉइडसकट काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. मी घेत होते आणि मला हे कोणी विचारलं नव्हतं. फॉर्मवर 'चालू औषधे' हा रकाना असतो, त्यात व्हिटॅमिनच्या गोळ्याही लिहा आणि तपासणीआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा.

आता सांधा. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. त्यात माझा केस वर जाड आणि लवचीक, खाली रसायनाने विरलेला. तेव्हा ताण येईल तिथे तो त्याच जागी तुटणार हे उघड होतं. मी केस विंचरायची वेळच बदलली. आंघोळीनंतर विंचरणं बंद. आधी कोरड्या केसांतला मोठा गुंता बोटांनी सोडवायचा, मग धुताना कंडिशनर लावून, केस बुळबुळीत असतानाच, मोठ्या दातांचा कंगवा. तोही टोकापासून वर. एक बट मुठीत धरायची, मूठ सांध्याच्या लगेच खाली, आणि कंगवा मुठीच्याही खाली. खाली गुंता अडकला तर ओढ मुठीला लागते, सांध्याला नाही. सगळ्या अडीच वर्षांतली सर्वांत कामाची युक्ती कुठली असं विचारलं तर ही मूठ. फुकट आहे म्हणून असेल, पण कोणी सांगत नाही.

शांपू फक्त डोक्याच्या त्वचेला. फेस खाली वाहताना लांबीवरून जातो तेवढा पुरे. कंडिशनर उलट, कानाखालच्या लांबीला आणि सढळ हाताने. त्यातले घटक धनभारित असतात आणि खराब झालेल्या केसाचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून जिथे केस जास्त खराब तिथे तो जास्त चिकटतो. धुण्याआधी तासभर खोबरेल तेल लांबीला लावायचे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. खनिज तेल वरच बसतं. तेलाने केस 'उगवतात' वगैरे मी मानत नाही, पण ओल्या केसांचं रक्षण म्हणून ते खरंच चांगलं आहे.

टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुन्या सुती टी-शर्टात केस गोळा करून दाबायचे, पिळायचे नाहीत. रात्री सॅटिनचा अभ्रा, किंवा केस डोक्यावर सैल बांधून झोपायचं. रबरबँड कधीच फेकला, त्याजागी कापडी स्क्रंची आणि क्लचर आले. रोज एकाच जागी घट्ट पोनी बांधू नका. बँड नेमका सांध्यावर बसतो, आणि कपाळाजवळचे केस सतत ओढले गेले तर तिथलं मूळच कायमचं कमजोर होऊ शकतं.

लेबल वाचणं हा वेगळाच अभ्यास. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, एक टक्क्याच्या खालचे मात्र कसेही. म्हणजे पुढच्या बाजूला ज्या तेलाचं चित्र छापलंय ते मागे सुगंधाच्या शेजारी सापडलं, तर काय ते समजून घ्यायचं. 'अल्कोहोल' शब्द दिसला की घाबरू नका, सेटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल स्निग्ध असतात, कोरडं करतं ते 'अल्कोहोल डीनॅट'. शांपूतलं फेस करणारं सल्फेट आणि केसावर गुळगुळीत थर देणारं सिलिकोन, यांवरून बायका हमरीतुमरीवर येतात. मला सौम्य शांपू मानवला, पण सिलिकोनने सांध्यावरची घासाघीस कमी झाली, म्हणून ते मी या काळात बंद केलं नाही. जडपणा साठला की महिन्यातून एकदा साठलेला थर काढणारा क्लॅरिफाइंग शांपू. पाणी जड असेल तर त्यात ईडीटीए आहे का बघा, कॅल्शियम निघायला मदत होते.

खर्चाचं म्हणाल तर पार्लरचा वाचला आणि बाटल्यांवर गेला. शेवटी नियम केला, नवीन काहीही आधी सर्वांत लहान पॅकमध्ये, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात '12एम' असं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उघडल्याची तारीख पेनने लिहून ठेवायची सवय लावून घेतली.

2024 चा पहिला अर्धा भाग दिसण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. कानापर्यंत कुरळं, खाली काड्या. इथे एका साध्या विज्ञानाचा आधार मिळाला. गंधकाचे बंध सोडले तर केसात हायड्रोजनचे कमकुवत बंधही असतात. ते पाण्याने सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा बसतात. म्हणून ओलसर केसांना लीव्ह-इन (न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर) आणि थोडं जेल लावून रात्री चार-पाच सैल वेण्या घालायच्या, आणि वेणीचं शेवटचं टोक बोटाएवढ्या कापडी पट्टीवर गुंडाळायचं. सकाळी पूर्ण वाळल्याशिवाय सोडायच्या नाहीत. हे महत्त्वाचं, किंचित ओल राहिली तरी तासाभरात टोकं सरळ होतात. सोडताना हाताला दोन थेंब तेल, आणि वेणी टोकाकडून उलगडायची. वळण कृत्रिम असतं, पण वरच्या खऱ्या वळणात मिसळून जातं. दमट दिवशी याचा दुपारपर्यंत बोऱ्या वाजतो, कारण हवेतलं पाणीही तेच करतं. त्या दिवशी सरळ अंबाडा किंवा सागरवेणी. सागरवेणीत दोन्ही प्रकारचे केस इतके छान लपतात की त्या सहा महिन्यांत मी तिच्यावरच जगले.

एका कार्यक्रमाआधी वरचा कुरळा भाग इस्त्रीने सरळ करून सगळं एकसारखं करावं असं फार मनात आलं होतं. केलं नाही. जास्त उष्णतेने नवीन केसांचं वळणही कायमचं जाऊ शकतं, मग इतके महिने थांबून काय मिळवलं? इस्त्री करायचीच असेल तर केस पूर्ण कोरडे हवेत. ओल्या केसावर तापलेली प्लेट ठेवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात फुगे येतात आणि तो तिथेच तुटतो. ड्रायर वापरायचा तर डिफ्युझर, म्हणजे हवा पसरवणारं तोंड, लावून, मंद उष्णतेवर आणि केसाला न चिकटवता.

कापण्याचं प्रकरण वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. दर तीन-चार महिन्यांनी खालून थोडं थोडं कापायचं, इतकंच काम. पण खुर्चीत बसलं की "मॅम, वर फार फ्रिझ आहे, रूट टच-अप करून टाकू?" हे आलंच. एका ठिकाणी केस ओले करून, ताणून, पट्टी धरल्यासारखे एका रेषेत कापले. वाळल्यावर डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं वर गेली, कारण दोन्हीकडचं वळण सारखं नाही. मग विचारपूस करून कुरळे केस कोरडेच कापणाऱ्या एका ताईंकडे गेले. त्यांनी आधी एक फॉर्म भरून घेतला: गेल्या तीन वर्षांतली रासायनिक ट्रीटमेंट, तारखा, चालू औषधं, ॲलर्जी. येताना केस धुवून, काही न लावता, मोकळे वाळवून या, असंही सांगितलं. त्या एकेक बट तिच्या वळणात कापतात. वेळ दुप्पट लागतो, पैसेही जास्त. माझ्या मते इथे काटकसर करू नये, बाटल्यांत करावी.

जानेवारी 2025 पासून सरळ भाग चार बोटांवर आला आणि मग घाई सुटली. जुलैत शेवटचं कापणं. कोरड्या केसांत सरळ तुकडा कुठे संपतो ते नीट कळत नाही, म्हणून ताईंनी स्प्रेने एकेक बट भिजवली. वरचा भाग आखडून वर गेला आणि टोकाला एक-दोन बोटं निर्जीव लोंबत राहिली. तेवढंच कापायचं. केस आता खांद्याला टेकतात, ताणले तर बरेच खाली येतात. कंडिशनर पूर्वीच्या निम्मा लागतो, आधीचं जेल मात्र जड पडायला लागलं, ते बहिणीला देऊन टाकलं.

एक गोष्ट शेवटी, कारण यात मी जवळजवळ फसत होते. कापून झाल्यावरही उजव्या कानामागची एक बट सरळच राहिली. राहिलेलं रसायन समजून मी ती मुळापर्यंत कापायला निघाले होते. ताईंनी मुळाशी बोट ठेवून दाखवलं, ती टाळूपासूनच तशी आहे. एकाच डोक्यावर तीन-तीन प्रकारची वळणं असतात, मानेवरची वेगळी, कपाळावरची वेगळी. सरळ दिसणारी बट मुळाशीही सरळ असेल तर ती तुमचीच आहे, ती कापू नका.